आमची आळी संध्याकाळी सातला सामसूम होते. महिन्यातली एक संध्याकाळ रस्त्यावर भरवायची आहे, कशी सुरुवात करू?

सुईदोरा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी.

राम आळीला लागून असलेल्या एका जुन्या आळीत आमचं शिवणसाहित्याचं दुकान आहे. रिळं, अस्तर, फॉल, कॅनव्हास, हुक, बटणं, लेस. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बसते. लग्न होऊन आले तेव्हा आळीत शिंपीच इतके होते की दिवाळीआधी रात्री उशिरापर्यंत मशिनांचा आवाज यायचा. शेजारी कासार, पलीकडे सोनार, समोर पत्रावळी-द्रोण आणि वाणसामान, कोपऱ्यावर सायकल दुरुस्ती. आज शिंपी दोन उरलेत आणि त्यातला एक फक्त अल्टरेशनची कामं घेतो. आधी तयार कपडे आले, मग मोबाईलवरची खरेदी आली, आणि नवीन काही उघडलं तर ते मारुती मंदिरकडे नाहीतर साळवी स्टॉपला. वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं मुंबई-पुण्याला गेली. त्या घरांची कुलपं गणपतीत आणि मे महिन्यात निघतात. सातला निम्मी शटरं खाली येतात. क्लासवरून येणाऱ्या मुली आमची आळी सोडून मोठ्या रस्त्याने लांबून जातात, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

शिमग्यात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी आळीत आली, तेव्हा मात्र एकही ओटा रिकामा नव्हता. कधी खाली न उतरणाऱ्या आजी जिना उतरून आल्या. पालखी पुढे गेली, ढोल लांब गेले, तरी माणसं घरी जाईनात. कुणी कुणाच्या सुनेची चौकशी करतंय, पोरं रस्त्यात पकडापकडी खेळतायत. कासारकाकींनी दुकान पुन्हा उघडलं आणि चार जणींनी बांगड्या भरून घेतल्या. तेव्हापासून मनात घोळतंय की देवाच्या निमित्ताने जी माणसं ओट्यावर येऊन बसतात, ती महिन्यातून एकदा आणखी कशाच्या तरी निमित्ताने का बसणार नाहीत?

रविवारी संध्याकाळी तीनेक तास गाड्या बंद. मुलांना खेळायला रस्ता, बायकांच्या हातचे पदार्थ, कुणी पेटी-तबला घेऊन बसलं तर गाणं, आणि आमची दुकानं उघडी. एवढंच. पण बोलायला गेले तर निम्मे दुकानदार म्हणतात, गाड्या बंद केल्या तर आहे ते गिऱ्हाईकही जाईल. उरलेले म्हणतात, एखाद्या पुढाऱ्याला धरा, मंडप-लायटिंग सगळं तोच करेल. मला ते नकोय. आळीत शिरताना पहिल्यांदा कुणाचा तरी हात जोडलेला बॅनर दिसावा यासाठी हे करायचं नाही.

परवानग्या कुठल्या लागतात, दुकानदारांना काय सांगू, पैसे कसे उभे करायचे, कचऱ्याचं काय? ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त कंट्रोलर (वेंगुर्ले)

ताई, तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. आमचं वेंगुर्ले एके काळी बंदराचं गाव. डचांची वखार इथे होती, तिचे भग्न अवशेष अजून उभे आहेत. आगबोटी बंद झाल्या, माल महामार्गाने जायला लागला आणि महामार्ग आमच्या गावावरून जात नाही. त्यामुळे पेठ ओस पडणं म्हणजे काय ते आम्ही दोन पिढ्या बघतोय. आमच्या आळीत तुम्ही म्हणता तसलाच उद्योग आम्ही शेजाऱ्यांनी चालवलाय आणि तो टिकलाय, म्हणून जरा अधिकाराने सांगतो.

पहिली संध्याकाळ नवी तारीख शोधून ठेवू नका. रस्ता ज्या दिवशी आपसूक बंद होतो, त्याच्या आगेमागे ठेवा. एकादशीची दिंडी, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे, तुमच्याकडे शिमगा. त्या दिवशी गाडीवाला कुरकुरत नाही, कारण त्याच्या आजोबांपासून तो तिथून वळसा घेत आलाय. एकदा लोकांनी आळी तशी बघितली की पुढच्या महिन्याचा साधा रविवार मागायला तोंड राहतं. आणि पूर्ण आळी मागू नका. दोन कोपऱ्यांमधला, ज्यात ओटे सलग आहेत असा तुकडा घ्या. चाळीस माणसं लांब रस्त्यावर पसरली की जागा ओसाड दिसते. तीच आखूड तुकड्यात आली की दाटी होते, आणि दाटी बघून पुढची माणसं येतात.

दुकानदारांशी "कार्यक्रम आहे, सहकार्य करा" असं बोलू नका. प्रत्येकाला एकच विचारा: तुमच्या ओट्यावर त्या दिवशी काय होईल? आमच्या शिंप्याने मशीन बाहेर मांडलं आणि समोर बसून पिशव्या शिवून दिल्या, कापड ज्याचं त्याने आणायचं. कासार लहान मुलींना बांगड्या भरायला बसला. सुताराने भोवरे आणून ठेवले आणि दोरीची जाळी कशी गुंडाळायची ते मुलांना शिकवलं. ते भोवरे सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेले. त्या आळीकडेच बघा ना. पांगाऱ्याच्या लाकडाची फळं, भातुकल्या, भोवरे मांडून बसलेली दुकानं हेच तिथलं बघण्यासारखं आहे, वेगळा महोत्सव लागत नाही. तुमच्याकडे तर लेस आणि बटणं आहेत. दोन पोरींना ओट्यावर बसवून बटण लावायला आणि काज करायला शिकवा. आजकाल कॉलेजच्या मुलांना शर्टाचं बटण लावता येत नाही. ते शिकायला येतील आणि जाताना सुईदोरा घेऊन जातील.

एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवला आणि त्यावर सगळं उभं आहे: आळीत जे मिळतं ते विकणारा बाहेरचा स्टॉल लावायचा नाही. मी मोठे महोत्सव जवळून पाहिलेत. स्टॉलचं भाडं भरणारा लांबून येतो, तेच चायनीज आणि तीच प्लास्टिकची खेळणी सगळीकडे, तीन दिवस कर्णे आणि चौथ्या दिवशी कचरा. गावचा दुकानदार त्या दिवसांत शटर खाली ओढून घरी बसतो. तुमचं गिऱ्हाईक जाईल ही भीती तिथून आलेली आहे आणि ती खरी आहे. हा नियम तोंडी नको, कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. कोपऱ्यावर भाजी किंवा मासे घेऊन बसणाऱ्या बायका असतील तर त्यांची जागा हलवू नका. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे, पण कायद्याच्याही आधी, त्या रोज येतात म्हणून आळीत रोज माणूस येतो.

खाण्याचं. घरच्या बायकांकडून एकेक पदार्थ, तोही एकीचा दुसरीने करायचा नाही. आमच्याकडे घावणे, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, नारळाच्या रसातल्या शिरवळ्या, खापरोळी, सोलकढी. केळीचं पान आणि पत्रावळ, प्लास्टिक नाही. तुमच्या समोरच पत्रावळीचं दुकान आहे, त्यांनाच ते काम द्या. नियमित विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, ती ऑनलाईन होते. कुणी "कुठल्या घरचं खायचं" असा प्रश्न काढलाच, तर त्याला पतितपावन मंदिराची आठवण द्या. 1931 साली भागोजीशेठ कीरांनी सगळ्या जातींसाठी ते ज्या गावात उभं केलं आणि जिथे सहभोजनं झाली, त्या गावची तुम्ही माणसं. सगळ्या घरांचे पदार्थ एकाच ओळीत मांडा.

कागदपत्रं: मुख्याधिकाऱ्यांच्या नावे नगरपरिषदेत अर्ज, पोलीस ठाण्यात अर्ज, दोन्हीकडून पोच. अर्जाला हाताने काढलेला नकाशा जोडा. कुठून कुठपर्यंत बंद, गाड्या कुठून वळवणार, रुग्णवाहिका आणि बंब येण्याची वाट कुठली मोकळी. हे मी तीस वर्षं गाड्या सोडल्या म्हणून सांगत नाही, अधिकाऱ्याला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं. नकाशा असलेला अर्ज टेबलावर पडून राहत नाही. कर्णा लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंदच. माझं मत विचाराल तर लावूच नका. पखवाज, पायपेटी आणि झांज एवढ्यावर दशावतार रात्रभर चालत आलाय. आळीची रुंदी ती काय! आवाज दोन्ही भिंतींना लागून आपोआप पोचतो.

पैसे घराघरातून, ज्याला जमेल तसे. जमा आणि खर्च फळ्यावर लिहून आळीच्या तोंडाशी लावायचा, त्याच रात्री. आमच्याकडे पुढारी येतात, ओट्यावर बसून घावणे खातात, कुणी अडवत नाही. भाषण नाही आणि फलक नाही, हे सह्यांच्या कागदातच आहे, त्यामुळे दर वेळी नाही म्हणायचा प्रसंग येत नाही.

वरच्या मजल्यावरून

मी दुसऱ्या गावात, अशाच एका बाजाराच्या रस्त्यावर, दुकानांच्या वर राहते. घरात अंथरुणाला खिळलेले वडील आहेत. आमच्याकडे खाली होणारे कार्यक्रम आम्हाला कधीच कुणी विचारून केले नाहीत. खिडकीच्या खाली जनरेटर ठेवतात, त्याचा धूर सरळ खोलीत येतो. डॉक्टरांना गाडी लांब लावून चालत यावं लागतं. खाली टाळ्या वाजत असतात आणि आम्ही कडी लावून बसतो.

कंट्रोलरकाकांनी दुकानदारांचं छान लिहिलंय, पण दुकानदार रात्री घरी जातो, आम्ही तिथेच असतो. सुईदोराताई, तुमची कल्पना मला मनापासून आवडली. म्हणूनच सांगते, दुकानांच्या आधी जिने चढा. कोण आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाला रात्रीच्या गाडीने निघायचंय ते विचारा. संपायची वेळ सांगा आणि त्या वेळेला खरंच संपवा. वडील चालते असते तर पालखीला उतरलेल्या तुमच्या आजींसारखे तेही उतरले असते. आमच्या जिन्यात कुणी खुर्ची धरून खाली नेणारं असतं, तरी ते आले असते.

पायवाट (पुणे, मूळ गाव गुहागर)

मी शहर नियोजनाचं काम करते, त्यामुळे थोडी बाहेरची उदाहरणं देते, तुमच्या दुकानदारांपुढे ठेवायला.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1974 पासून रस्ते ठरावीक वेळेला फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळे करतात. आता दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 2, शंभराहून अधिक किलोमीटर. आपल्याकडे गुरुग्रामला 2013 च्या नोव्हेंबरपासून राहगिरी या नावाने असंच सुरू झालं. पुण्यात 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद केला. तिथेही आधी व्यापाऱ्यांचा हाच प्रश्न होता. लक्ष्मी रस्त्यावर मी त्या दिवशी होते. ज्या रस्त्यावर एरवी बाळाचा हात क्षणभर सोडता येत नाही, तिथे आया निवांत उभ्या राहून दुकानांच्या काचा बघत होत्या. माणूस चालत असला की थांबतो, आणि थांबला की आत शिरतो. गाडीतला माणूस फक्त पुढच्या गाडीकडे बघतो. तुमच्या आळीत आज गाडीने येऊन फॉल घेणारं गिऱ्हाईक किती आणि चालत येणारं किती, हे तुम्हालाच माहीत असेल. बहुधा चालत येणारंच जास्त.

म्हणून एक काम आत्ताच, काहीही सुरू करण्याआधी करा. साध्या रविवारी संध्याकाळी पाच ते आठ ओट्यावर बसून पाटीवर रेघा मारा: किती माणसं गेली, त्यात बायका किती, मुलं किती, सातला किती शटरं उघडी. एखाद्या साध्या मंगळवारीही मोजा. मग सुरू झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तसंच मोजा, आणि त्या वेळी मंगळवारच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्या. कार्यक्रमाच्या दिवशी गर्दी होणारच. मंगळवारी सातनंतर एखादं शटर जास्त उघडं राहिलं आणि त्या क्लासच्या मुली तुमच्या आळीतून जायला लागल्या, तर ते खरं.

दुसरं, पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीकडे नीट बघा. तिथे लोकांनी आपली जुनी घरं कलामहोत्सवासाठी उघडली, घरांच्या खोल्यांत चित्रं लागली. फार सुंदर कल्पना. पण पुढे तो भाग फोटोसाठी इतका प्रसिद्ध झाला की लोक राहत्या घरांच्या पायऱ्यांवर ठाण मांडून फोटो काढायला लागले आणि रहिवाशांना दारावर पाट्या लावाव्या लागल्या. सुरुवातीपासून हे आळीच्या लोकांसाठी आहे एवढं धरून ठेवा. मोबाईलवर रील काढणाऱ्यांना मुद्दाम बोलावू नका.

सुईदोरा (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं घरी. सासरे म्हणाले, सह्यांच्या कागदावर पहिली सही माझी.

वरच्या मजल्यावरच्या ताई, तुमचं वाचून आज सकाळी दुकान उघडायच्या आधी जिने चढून आले. आळीत पाचजण असे आहेत ज्यांना एकट्याने उतरता येत नाही. सायकलवाल्यांचा मुलगा आणि त्याचे मित्र खुर्च्या धरून आणायला तयार आहेत. एका घरी दम्याचा त्रास आहे, म्हणून जनरेटर नाही आणि फटाका तर नाहीच. साडेआठला बंद, हे सगळ्यांना सांगितलंय. कासारकाकी म्हणाल्या, "माझ्याच ओट्यावर खुर्च्या मांडा, म्हणजे म्हाताऱ्यांना गप्पांना कुणीतरी हवं ना!"

सुरुवात त्रिपुरी पौर्णिमेला करायची असं ठरतंय. प्रत्येक ओट्यावर पणत्या, बंद घरांच्या ओट्यांवरसुद्धा. आमचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे, तिथे जाऊन विचारणार आहे की मुलांसाठी पुस्तकांचं एक टेबल मांडता येईल का. नमन-खेळे या आमच्याकडच्या लोकनाट्यातला संकासूर मुलांना फार आवडतो, पण तो शिमग्यासाठीच राखून ठेवावा असं जुन्या लोकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. पेटी-तबल्यावर भजन होईल.

मोजायचं काम माझ्या मुलीने घेतलंय, मंगळवारसकट.

चाकरमानी, परळ

तुमची आळी कुठली ते मी ओळखलं असं वाटतंय. चूक असेल तर सोडून द्या. पत्रावळीच्या दुकानाशेजारचं, निळ्या गजांचं, कुलूप असलेलं घर असेल तर ते आमचं आहे. आम्ही तिघे भाऊ, वाटण्या झालेल्या नाहीत, म्हणून ते तसंच आहे. विकायचं की ठेवायचं यावर गणपतीत दर वर्षी बोलणं होतं आणि तिथेच राहतं.

त्रिपुरीला येणं जमणार नाही, पण ओटा वापरा. आतून पडवीपर्यंत हवं असेल तर किल्ली मांडवीला आमच्या आत्याकडे आहे, मी तिला सांगून ठेवतो. पुस्तकांचं टेबल पडवीत मांडलंत तर दव पडलं तरी चिंता नाही. फक्त माळ्यावर आईची जुनी भांडी आहेत, तिकडे मुलांना जाऊ देऊ नका. मे महिन्यात आम्ही सगळे येतो. तेव्हा एक संध्याकाळ ठेवाल का? माझी मुलं आळीत कधी खेळलेली नाहीत. मला लगोरीचे दगड कुठे ठेवायचो ते अजून आठवतं.

सुईदोरा (रत्नागिरी)

निळे गज, बरोबर! आत्यांना आजच भेटते. मेमधला दुसरा रविवार तुमच्यासाठी धरून ठेवला. पाऊस सुरू झाला की थांबू आणि गणपतीनंतर पुन्हा सुरू करू.

काका, एक राहिलं. पणत्या आहेत, पण साडेआठपर्यंत उजेड पुरायला हवा. विजेच्या माळा कुठून जोडायच्या? एकाच दुकानातून सगळं ओढलं तर चालेल का?

निवृत्त कंट्रोलर (वेंगुर्ले)

नाही, एकातून ओढू नका. ज्याच्या ओट्यावर दिवा, त्याच्याच मीटरवरून, साधे एलईडीचे दिवे. बिलात फारसा फरक पडत नाही आणि कुणाचं कुणावर ओझं राहत नाही. बंद घरासाठी शेजाऱ्याकडून एक वायर घ्या. रस्ता ओलांडणारी माळ लावायचीच असेल तर बंब खालून जाईल एवढी उंच, आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. मोठी रोषणाई करायची झाली तर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करावा लागतो, पण तुम्हाला ती गरज दिसत नाही. अर्जाचा मसुदा आणि आमचा नकाशा उद्या इथेच टाकतो, त्यात फक्त तुमच्या आळीचे कोपरे बदला.